दुखणे पांढुर्ण्याचे, दप्तर दिल्लीचे

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींतील माणसाची भाषा मराठी, सरकार भोपाळचे आणि मोठा दवाखाना नागपूरचा, अशी ही त्रिस्थळी व्यवस्था १ नोव्हेंबर १९५६ पासून अखंड चालत आली आहे. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना अमलात आली, नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि कालपर्यंत जे शहर आपली राजधानी होते ते या संत्र्या-कापसाच्या मुलखाला एका रात्रीत परराज्य झाले. परंतु दुखणाईताने ती सीमा कधी मानली नाही. पांढुर्ण्याहून रेल्वेने वा मोटारीने, सौंसरहून छिंदवाडा-नागपूर रस्त्याने, छातीत कळ आलेला म्हातारा, अडलेली बाळंतीण, झटके येणारे मूल, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमारीत डोके फुटलेला तरुण, हे सारे नागपूरचीच वाट धरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, कलेक्टर-कचेरी आली, फलक बदलले. दवाखान्याच्या चिठ्ठीवरचा ‘नागपूरला रेफर’ हा शेरा मात्र बदलला नाही.

रुग्ण असा नागपूरला जातो तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू जाते, जिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष नसते, आणि ती म्हणजे त्याच्या रोगासंबंधीचे ज्ञान. त्याचे रक्त तिथे तपासले जाते, निदान तिथे ठरते, तसेच शंभर रुग्ण जमले की कुणी अभ्यासू अध्यापक त्यांची टिपणे एकत्र करून निबंध लिहितो, आणि त्या निबंधात सौंसरचे नाव आले तर फार तर पत्त्याच्या रकान्यापुरते येते. ज्या डॉक्टराने त्या रुग्णाला प्रथम पाहिले, ज्याला त्याचे घर, त्याची विहीर, त्याचे शेत आणि त्याची सोयरीक ठाऊक आहे, त्याला पुढे काय झाले ते कळतही नाही. या डॉक्टराला संशोधक होता येईल काय, त्यासाठी त्याला शिक्षण कोण देईल आणि पैसा कुठून येईल, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न एकट्या डॉक्टरांचा वाटतो खरा. पण ज्याच्या घरात एक तरी आजारी माणूस आहे त्या प्रत्येक गृहस्थाचा त्याच्याशी संबंध पोहोचतो.

वैद्यकातील संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक, उंदीर आणि पांढऱ्या कोटातील शास्त्रज्ञ उभे राहतात. तो संशोधनाचा एक टप्पा झाला. दुसरा टप्पा रुग्णशय्येजवळचा, जिथे प्रत्यक्ष माणसांवर औषधाची वा उपचाराची कसोटी पाहिली जाते. त्याला ‘क्लिनिकल रिसर्च’ म्हणतात. आणि प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट रुग्णशय्येपर्यंत, रुग्णशय्येवर सिद्ध झालेली गोष्ट गावच्या आरोग्यकेंद्रापर्यंत, आणि गावात आलेली अडचण पुन्हा प्रयोगशाळेपर्यंत नेण्याचा जो खटाटोप आहे, त्याला गेली काही वर्षे ‘ट्रान्सलेशनल रिसर्च’ असे नाव पडले आहे. नाव नवे असले तरी काम जुने आहे, आणि ते किती लांबणीचे असते हे समजावून घ्यायला आपल्याच मुलखात घरोघर माहीत असलेल्या एका रोगाची कुळकथा पुरेशी आहे.

तो रोग म्हणजे सिकलसेल. विदर्भात आणि सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर, गोंडांसारख्या आदिवासी जमातींत आणि त्यांच्याखेरीज इतरही अनेक जातींत, तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. हाडे दुखतात, रक्त उतरते, मूल वाढीला लागत नाही. याला नाव काय ते कुणाला ठाऊक नव्हते. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक या वैद्याने, ग्रेनाडा बेटाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांची नोंद छापली. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवून दिले. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो भारतात प्रथम आढळला. आणि १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या दोघा संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले. म्हणजे आपल्या दाराशी असलेल्या रोगाची शास्त्रीय नोंद व्हायला, त्याचा शोध लागल्यानंतर अट्ठेचाळीस वर्षे लागली. त्यानंतरही उपचार असा नव्हताच. हायड्रॉक्सियुरिया हे कर्करोगासाठी वापरात असलेले जुने औषध सिकलसेलच्या वेदनांचे हल्ले जवळजवळ निम्म्यावर आणते, हे १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने सिद्ध केले.

आता या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे, कारण खरी मेख येथेच आहे. अमेरिकेतील त्या पद्धतीत औषध किलोमागे पंधरा मिलिग्रॅमपासून सुरू करीत आणि रक्तपेशी घटू लागेपर्यंत मात्रा हळूहळू चढवीत नेत. त्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त तपासावे लागे. बोस्टन-बाल्टिमोरच्या रुग्णाला जे सुलभ ते सौंसरजवळच्या खेड्यातील शेतमजुराला कसे सुलभ व्हावे? ज्याची रोजी एका दिवसाच्या प्रवासाने बुडते, त्याने दर पंधरवड्याला मूल घेऊन नागपूर गाठावे ही अपेक्षाच अन्यायाची. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळा विचारला: आपल्याकडच्या मुलांना किलोमागे दहा मिलिग्रॅम एवढीच ठरीव आणि कमी मात्रा दिली तर काय होते? या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. वेदनांचे हल्ले, रक्त चढविण्याची गरज आणि इस्पितळात दाखल होण्याचे प्रसंग या कमी मात्रेनेही मोठ्या प्रमाणात घटले. या संशोधनात नवा रेणू सापडला नाही, नवे यंत्र बनले नाही. पण ज्याला उपचार परवडत नव्हता त्याला तो परवडू लागला. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, सतरा राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचा संकल्प सोडला गेला आणि २०४७ ही मुदत ठरली. त्या अभियानाला आधार मिळतो तो अशाच मधल्या दुव्यांचा. असे दुवे घडविणारी माणसे शिकवून तयार करावी लागतात. ती आपोआप उगवत नाहीत.

असाच दुसरा दुवा आपल्या नित्य परिचयाचा आहे, इतका की त्यात संशोधन आहे हेच आपण विसरलो आहो. पांढुर्ण्याच्या कोणत्याही खेड्यात मूल जन्मले की आशा कार्यकर्ती ठरलेल्या दिवशी घरी येते, बाळाचे वजन घेते, अंग गार पडले आहे काय ते पाहते, श्वास मोजते. ही पद्धत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून आली. एकोणचाळीस खेड्यांत त्यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली, तेथील बालमृत्यू शेजारच्या गावांशी ताडून पाहिले, आणि नवजात अर्भकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले, पुढे २०११ साली भारत सरकारने ती पद्धत देशभर स्वीकारली. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गडचिरोलीला जाण्यापूर्वी हे दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आले होते. सेवाभाव त्यांच्या ठायी आधीपासून होता. मोजावे कसे, तुलना कशी करावी, योगायोग कोणता आणि परिणाम कोणता हे ओळखावे कसे, हे शास्त्र मात्र त्यांना शिकावेच लागले.

याच्या उलट उदाहरण म्हणून महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचे नाव नेहमी घेतले जाते. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन हा जालना जिल्ह्यातला तरुण कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात रुजू झाला, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने रुग्ण डोळ्यांदेखत दगावत आणि पुस्तकात त्यावर धड इलाज नव्हता. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या, त्या ‘लॅन्सेट’ला पाठविल्या, आणि रक्तदाबासाठी वापरात असलेले प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर गुणकारी आहे हे दाखवून दिले, जो मृत्यू पूर्वी दहांत चौघांना गाठी तो पुढे शंभरांत एकाला गाठू लागला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या गोष्टीवरून काही लोक असे तात्पर्य काढतात की जिद्द असेल तर अनुदानाची गरज काय. मला हे तात्पर्य मान्य नाही. बावसकरांसारखा मनुष्य पिढीत एखादा निपजतो; समाजाची व्यवस्था अशा अपवादावर उभारता येत नाही. पण त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगा एक धडा निश्चित आहे, तो असा की त्यांच्यापाशी पैसा येण्यापूर्वी प्रश्न होता आणि प्रश्नाच्या मागोमाग नोंदवही होती.

शिक्षणाच्या सोयी आज किती आहेत याची कल्पना तालुक्याच्या गावी फारशी नसते. पहिली पायरी विद्यार्थ्याची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, जिला सारे ‘आयसीएमआर’ म्हणतात आणि जिची मुळे १९११ साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनमध्ये आहेत, ती १९७९ पासून वैद्यक आणि दंतवैद्यक यांच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन छात्रवृत्तीची योजना चालविते. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली एक छोटा विषय निवडावा, त्याचा आराखडा पाठवावा, दोन महिने काम करावे, अहवाल द्यावा, आणि अहवाल पसंत पडला म्हणजे प्रमाणपत्र व विद्यावेतन घ्यावे, अशी ही साधी रीत आहे. रक्कम मोठी नसते. परंतु विसाव्या वर्षी ज्याने एकदा स्वतःच्या हाताने शंभर माणसांची माहिती गोळा केली आणि त्यातून आपल्या समजुतीच्या विरुद्ध काही निघाले हे पाहिले, त्याची दृष्टी जन्मभर बदलते. छिंदवाड्याला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असल्यामुळे ही पायरी आता आपल्या उंबरठ्याशी आली आहे.

दुसरी पायरी पदव्युत्तर विद्यार्थ्याची. त्याला प्रबंध लिहावाच लागतो, आणि खरे बोलायचे तर आपल्याकडील कित्येक प्रबंध बांधणीवाल्याच्या दुकानातून निघून थेट ग्रंथालयाच्या कपाटात जातात आणि तेथून पुन्हा बाहेर येत नाहीत. त्यांना चांगले रूप यावे म्हणून आयसीएमआर निवडक प्रबंधांना अर्थसाहाय्य देते. आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने तयार केलेला जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक पाठ्यक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि वैद्यकीय अध्यापकांना सक्तीचा झाला आहे. तो घरबसल्या इंटरनेटवरून शिकता येतो. प्रश्न कसा मांडावा, नमुना किती घ्यावा, संमतिपत्र कसे लिहावे, इतपत पाया त्यातून पक्का होतो. सक्तीचे शिक्षण जसे घेतले जाते तसेच अनेकजण तेही घेतात, हे सांगावयास नकोच. पण ज्याला शिकायचे आहे त्याला दार उघडे आहे. त्याच संस्थेत क्षेत्रीय साथरोगविज्ञानाचे दीर्घ प्रशिक्षणही मिळते, ज्यात सरकारी वैद्यकीय अधिकारी आपल्या जिल्ह्यातील साथीचाच अभ्यास करून पदवी मिळवितो. कर्करोगाच्या क्षेत्रात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१५ पासून चाललेली ‘क्रेडो’ ही कार्यशाळा विशेष नाव घेण्याजोगी आहे; तीत तरुण डॉक्टर आपली कच्ची कल्पना घेऊन येतात आणि देशोदेशीचे तज्ज्ञ त्यांच्या शेजारी बसून तिचा चाचणीयोग्य आराखडा तयार करून घेतात.

आणि नागपूरलाच पाहा. तेथील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन ही संस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चालविलेल्या माता-बाल आरोग्याच्या जागतिक संशोधन-जाळ्याची सदस्य राहिलेली आहे. पहिलटकरणींना गरोदरपणाच्या आरंभापासून रोज ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन दिले तर अकाली बाळंतपण टळते काय, हा प्रश्न या जाळ्याने सहा देशांतील सुमारे बारा हजार स्त्रियांसमोर ठेवला. त्यांत बेळगाव आणि नागपूर ही भारतातील दोन ठिकाणे होती. २०२० साली निष्कर्ष आला: अकाली प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. फरक दिसायला थोडा आहे, पण गोळी काही पैशांची आहे. अशा चाचणीत खेड्यापाड्यांतील परिचारिका, तंत्रज्ञ, नोंदनीस यांना जे वळण लागते ते चाचणी संपल्यावरही उरते, आणि माझ्या मते परदेशी अनुदानाचा हाच सर्वांत टिकाऊ लाभ होय.

आता पैशाकडे वळू. तरुण डॉक्टराला पाच वर्षे निश्चिंतपणे संशोधन करता यावे म्हणून वेतन आणि संशोधनखर्च असे दोन्ही देणारी अधिछात्रवृत्ती म्हणजे भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि लंडनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली संयुक्तपणे उभारलेल्या ‘इंडिया अलायन्स’ची. तिच्यात चिकित्सा आणि सार्वजनिक आरोग्य यांसाठी स्वतंत्र शाखा आहे, म्हणजे डॉक्टराला प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाशी स्पर्धा करावी लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेच्या तिसऱ्या पर्वाला मंजुरी दिली. त्यासाठी १,५०० कोटी रुपयांची तरतूद झाली, त्यांतील १,००० कोटी सरकारचे आणि ५०० कोटी ट्रस्टचे. आयसीएमआरच्या लघु-अनुदानातून दोन कोटी रुपयांपर्यंतचे प्रकल्प हाती घेता येतात. २००७ साली स्थापन झालेल्या आरोग्य संशोधन विभागाकडे तरुण शास्त्रज्ञांसाठी आणि मध्यंतरी संसारामुळे काम सुटलेल्या स्त्रीसंशोधकांसाठी योजना आहेत. एखाद्याला उपकरण वा तपासणीसंच बनवायचा असेल तर ‘बायरॅक’ या सरकारी कंपनीकडून आरंभीच्या कल्पनेला पन्नास लाखांपर्यंत मदत मिळते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनही स्थापन झाले आहे. यादी आणखी वाढविता येईल. वाचकाला तिचा कंटाळा यावा इतकी ती लांब आहे, आणि पैसा नाही ही तक्रार निदान कागदावर तरी खरी ठरत नाही.

मग अडते कुठे? पहिली अडचण अशी की यांतील बहुतेक अर्ज संस्थेमार्फतच करावे लागतात, आणि ती संस्था संशोधनासाठी मान्यता पावलेली असावी लागते. तिच्यापाशी नैतिक समिती हवी, हिशेबतपासनीस हवा, अनुदानाचे स्वतंत्र खाते हवे. औषधाची चाचणी असेल तर २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंद हवी आणि २०१९ च्या औषध-चाचणी नियमांचे पालन हवे. हे नियम अवश्य हवेत. गरीब रुग्णावर त्याला न सांगता प्रयोग होऊ नयेत म्हणून ते झाले आहेत, आणि त्यांतील एकही सैल करावा असे मी म्हणणार नाही. परंतु तहसिलीच्या दवाखान्यात, जिथे मुख्य वैद्यकीय अधिकारी सकाळी बाह्यरुग्ण, दुपारी शवचिकित्सा आणि सायंकाळी भोपाळला पाठवायचे तक्ते यांत बुडालेला असतो, तिथे नैतिक समिती कोण स्थापन करणार?

दुसरी अडचण वेळेची, आणि ती पैशाहून बिकट आहे. अमेरिकेत रुग्णाभिमुख संशोधनाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांना जे सरकारी अनुदान मिळते त्याची एक अट अशी असते की त्यांच्या वेळेचा तीनचतुर्थांश भाग संस्थेने संशोधनासाठी राखून ठेवला पाहिजे. ही अट न पाळणाऱ्या संस्थेला पैसा मिळत नाही. आपल्याकडे वेळ राखून ठेवणे हा विषयच कुठल्या सरकारी हुकुमात येत नाही. संशोधन करायचे तर रजेच्या दिवशी, रात्री दहानंतर आणि स्वतःच्या खर्चाने, असा अलिखित शिरस्ता आहे. अनुदान मंजूर होऊन मुदतीत खर्च न झाल्यामुळे परत जाते तेव्हा दोष डॉक्टराच्या आळसाला दिला जातो. त्याच्या कामाच्या तासांकडे कुणी पाहत नाही.

तिसरी अडचण सीमेची. पांढुर्ण्याच्या रुग्णाला नागपूरच्या सरकारी इस्पितळात कुणी अडवीत नाही, पण पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्राच्या राखीव जागांवर प्रवेश नाही, कारण त्याचा अधिवास मध्य प्रदेशाचा. त्याने अखिल भारतीय कोट्यातून नागपूर गाठावे किंवा जबलपूर, भोपाळ, छिंदवाडा यांची वाट धरावी. त्याचप्रमाणे येथील दवाखान्याचा वरिष्ठ जबलपूर-भोपाळकडे, येथील रुग्णाची फाईल नागपूरला, अशा स्थितीत दोन्हींची गाठ घालून द्यायची जबाबदारी कुणाच्याच कार्यकक्षेत येत नाही. सुदैवाने आयसीएमआर केंद्राची आहे. तिची आदिवासी आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्था जबलपूरला आहे, पर्यावरणीय आरोग्याची भोपाळला आहे, आणि सिकलसेलसारख्या रक्तविकारांचे केंद्र चंद्रपूरला आहे. तिला राज्याची सीमा आड येण्याचे कारण नाही.

ही गाठ न पडल्याची किंमत काय असते, ते २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच मुलखाने पाहिले. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरातील लहान मुले साध्या सर्दी-तापाच्या आजारानंतर लघवी बंद होऊन नागपूरला आणली जाऊ लागली आणि मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. नागपुरात झालेल्या मूत्रपिंडाच्या तपासणीत विषबाधेची चिन्हे दिसली, संशय खोकल्याच्या औषधाकडे वळला, आणि तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष तब्बल ४८.६ टक्के निघाले. या साऱ्या प्रकरणात वीसहून अधिक मुले गेली. हे विष नवे नाही: १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्याने शंभरावर माणसे मेली आणि त्यातून औषधांचा कडक कायदा जन्मला, १९८६ साली मुंबईच्या जे. जे. इस्पितळात चौदा रुग्ण याच विषाने दगावले आणि त्यासाठी लेंटिन आयोग बसला. ज्ञान होते, इतिहास होता. पहिल्या दोन-तीन मुलांतच काहीतरी समान आहे हे ओळखून ती माहिती एका ठिकाणी तातडीने मांडणारी, साथरोगशास्त्र शिकलेली माणसे तालुक्याच्या पातळीवर नव्हती. विषारी औषध बनविणाऱ्याचा आणि ते न तपासता बाजारात येऊ देणाऱ्या यंत्रणेचा अपराध याने तसूभरही कमी होत नाही. पण काही मुले वाचली असती असे मला वाटते.

यावर उपाय म्हणून नवी कल्पना काढण्याचीही गरज नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची, बाराव्या पंचवार्षिक योजनेपासून चालत आलेली, आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रांची योजना आहे. खेड्यातील आरोग्यकेंद्राच्या आवारातच छोटी प्रयोगशाळा आणि काही शास्त्रज्ञ ठेवायचे, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांच्याशी जोडून घ्यायचे आणि आयसीएमआरच्या एखाद्या संस्थेने पालकत्व पत्करायचे, अशी तिची घडण आहे. मध्य प्रदेशात दतिया जिल्ह्यातील बडोनीला, महाराष्ट्रात डहाणूला असे केंद्र आहे. डहाणूच्या केंद्रातून सर्पदंशावर आणि त्यासाठी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावर उपयुक्त काम झाले. पांढुर्ण्याला असे केंद्र झाले, छिंदवाड्याचे महाविद्यालय त्याला जोडले, जबलपूरच्या संस्थेने पालकत्व घेतले आणि नागपूरच्या इस्पितळांशी रुग्णांच्या नोंदी परत मिळण्याचा करार झाला, तर विषयांची वाण पडणार नाही. संत्र्याच्या बागांतील आणि कापसाच्या शेतांतील फवारणी, सौंसर भागातील मँगनीजच्या खाणींतील कामगारांचे आरोग्य, सिकलसेल, साप-विंचू, आणि वर्षातून एकदा हमखास येणाऱ्या गोटमारीच्या जखमा: इतकी सामग्री एका जिल्ह्यात क्वचितच सापडेल. गोटमार थांबावी असे म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे. पण ती थांबत नाही तोवर, अमुक तारखेला अमुक ठिकाणी शेकड्यांनी माणसे जखमी होणार हे आधी ठाऊक असूनही त्या जखमांचा शास्त्रशुद्ध हिशेब कुणी ठेवू नये, हे नवलच म्हटले पाहिजे.

जिल्हा नवा आहे, त्याची इस्पितळे आणि त्यांची पदे अजून भरली जात आहेत, आणि जे मागायचे ते याच वेळी मागितले पाहिजे. लोकप्रतिनिधींकडे रस्ता, पूल आणि रेल्वेचा थांबा मागणाऱ्या शिष्टमंडळांनी आपल्या निवेदनात या केंद्राचे एक कलम अवश्य घालावे. आणि ज्यांची मुलगी वा मुलगा सध्या वैद्यकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांनी आयसीएमआरच्या छात्रवृत्तीची जाहिरात यंदा कधी निघते याची चौकशी महाविद्यालयाच्या दप्तरात आजच करून ठेवावी. अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि मार्गदर्शक अध्यापकाची संमती त्यापूर्वी घ्यावी लागते.